डिंक

भुसावळला रात्र पुरती होतच नाही.
यार्डात वाघिणी एकमेकींना धडकत राहतात,
आणि माझ्या पडद्यावरचा बाजारही
कधी फळ्या लावत नाही.

मी एक यंत्र लिहिलंय. नाव ठेवलंय इचार.
आमच्याकडे विचारातला ‘व’ असाच गळतो,
आणि विचारणं न् विचार करणं
एकाच शब्दात मावतं.
त्याला बिटकॉइनच्या वायद्याचे नियम विचारायचे:
कमीत कमी किती घेता येतं,
भाव केवढ्या पावलानं चालतो,
वीसपट उधारीवर तारण किती उरलं
की बाजार तुमचा सौदा स्वतःच कापतो.
एवढंच. भाव वर जाईल का,
हे त्याला येत नाही. मी शिकवलेलंही नाही.

तरी सावद्याचा रूपक नेहेते
केळीच्या गाड्या भरून झाल्या की रात्री दोनला विचारतो,
‘वाढीन का?’
इचार म्हणतो, ते मला माहीत नाही.
फंडिंग पहाटे साडेपाचला कापलं जाईल.
रूपक हसरा चेहरा पाठवतो. पुन्हा तेच विचारतो.

वायदा म्हणजे शब्द देणं, असं मला वाटायचं.
अमक्या दिवशी, अमक्या भावानं.
हा तर मुदतच नसलेला वायदा,
दर आठ तासांनी थोडं देऊन-घेऊन
नुसता जागता ठेवायचा.
अण्णांना ते माझ्याआधी कळलं.
साडेपाच, दीड, साडेनऊ.
‘म्हंजे आठ घंट्याची पाळी,’ म्हणाले.
चौतीस वर्षं केबिनमध्ये लिव्हर ओढलेत त्यांनी.

मार्चमधल्या एका रात्री बाजारानं नियम बदलला.
तारणाची एक पायरी, एक टक्क्याची दीड.
इचारनं कालचं पान सांगितलं.
खोटं नव्हतं ते, बारापर्यंत खरंच होतं.
वरणगावला ट्यूशन घेणाऱ्या झोपे सरांचा सौदा
तीन वाजून सात मिनिटांनी कापला गेला.
सरांनी शिवी दिली नाही. फक्त विचारलं,
‘हे कुठे लिहिलं होतं?’
मी त्यांना जागा दाखवली. लिहिलेलं होतं.

‘कायले जागू र्‍हायली?’
अण्णा पाणी प्यायला उठले होते.
मी सांगितलं, जमेल तसं.
ते काही बोलले नाहीत. पेटी उघडली,
धोतराच्या घडीखालून नियमांचं पुस्तक काढलं.
मूळचं बोटभर असेल. आता मिटत नव्हतं.
पानापानावर करेक्शन स्लिपा,
डिंकानं ताठ झालेल्या, कडांना पिवळ्या,
एका नियमावर तर तीन, एकीवर एक.
‘पाळीवर चढाच्या आंधी सही करा लागे,
नवी स्लिप वाचली म्हनून.
मले पाठ हाये म्हने जो,
त्याले साहेब केबिनीत चढूच देत नसे.’

सकाळ होईतो मी इचारची आठवण पुसली.
आता तो उत्तराआधी दर वेळी उठतो,
मूळ पानापर्यंत जातो,
तारीख बघतो, परत येतो, मग बोलतो.
चार सेकंद जास्त लागतात. लोक कुरकुरतात.
रूपक लिहितो, ‘निजला का बे?’
झोपे सरांचे बेचाळीस हजार मात्र
कुठल्याच स्लिपेखाली सापडत नाहीत.

पुस्तक अजून माझ्या टेबलावर आहे.
एकशे बाराव्या पानावरची स्लिप उलटी चिकटलीय,
कुठल्या तरी रात्रपाळीत, पेंगत्या हातानं.
अण्णा चाळताना तिथवर आले
की पुस्तक फिरवतात, ओठ हलवत वाचतात,
पुन्हा सरळ करतात.
साडेपाच झाले.
उठून चहा ठेवतात,
आता कुणाचीच पाळी नसताना.